आधी बर्फ कुठे आहे ते बघा

"वर आइस्क्रीम घट्ट राहतंय, पण खाली दूध नासतंय." आषाढ-श्रावणात रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतून मी हे वाक्य ऐकलं आहे. ते कानावर पडलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फ्रीझरच्या मागच्या कॉइलवर, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ कुठे आणि कसा धरलाय, हे कुणी बघितलंय का? बहुतेक वेळा कुणीच बघितलेलं नसतं. दुरुस्तीवाला येऊन गेलेला असतो, कॉम्प्रेसरला हात लावून 'गॅस संपलाय' असं सांगून गेलेला असतो, आणि घरातली माणसं सणाच्या तोंडावर पैशांची जुळवाजुळव करत असतात.

हे मला फार लागतं. गॅस काही वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. नळीला कुठे बारीक भोक पडलं, सांधा सुटला, तरच तो कमी होतो. बाकी सगळं ठीक असताना वर गार आणि खाली कोमट अशी तक्रार आली, विशेषतः पावसाळ्यात, तर संशय आधी डीफ्रॉस्टवर, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्याच्या व्यवस्थेवर, जायला हवा. तिथे न बघता गॅस भरणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. फ्रिज दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय नाही. पण फ्रिजमधला बर्फ हा विषय माझ्या लहानपणापासून घरात आहे. माझं माहेर सोलापूरचं. आमच्याकडे एकदारी फ्रिज होता, आत वरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा फ्रीझर, आणि थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध आणखी एक छोटं लाल बटण. बर्फ बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत आला की आई रात्री जेवणं उरकल्यावर ते बटण दाबायची. कॉम्प्रेसर बंद व्हायचा, फ्रीझरखालच्या तबकात टपटप पाणी पडायला लागायचं, आणि सगळा बर्फ वितळला की बटण आपोआप टक्कन बाहेर यायचं. सकाळी उठल्यावर तबक ओतणं हे माझं काम. तबक काठोकाठ भरलेलं असायचं आणि ते न सांडता मोरीपर्यंत नेण्यात मला मोठा अभिमान वाटायचा. आईने कुठलं पुस्तक वाचून हे सगळं केलं नव्हतं. बर्फ वाढला की गारवा कमी होतो, हे तिला रोजच्या हाताने कळलेलं होतं.

लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा तसाच एकदारी फ्रिज इथे सासरीही होता. पण इथे पावसाळ्यात तो बर्फ बघता बघता वाढायचा. सोलापूरला जे बटण महिन्यातून एखाद्या वेळी दाबायचो, ते इथे दर आठवड्याला दाबावं लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "जुना झालाय गो, आता बर्फ फार धरतो." फ्रिज जुना होता हे खरं, पण दोष हवेचा होता, आणि तो आकड्यांत मांडता येतो.

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली, तर एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम पाण्याची वाफ असते. रत्नागिरीत जुलैमध्ये २८ अंश आणि ९० टक्के धरली, तर तेवढ्याच हवेत जवळपास २४ ग्रॅम. अडीच पटींपेक्षा जास्त. आणि फ्रीझरमधल्या उणे २० अंशांच्या हवेला एका घनमीटरमागे एक ग्रॅमभर वाफही धरून ठेवता येत नाही. म्हणजे दार उघडल्यावर जी हवा आत शिरते, तिच्यातली जवळजवळ सगळी वाफ आत राहते आणि जी जागा सगळ्यात गार असेल तिथे जाऊन बसते. अडीचशे लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा एकदा बदलली तर आमच्याकडच्या जुलैत ६ ग्रॅम पाणी आत जातं. दर वेळी सगळी हवा बदलत नाही, निम्मी धरू. पण चार माणसांच्या घरात फ्रिज दिवसातून चाळीस वेळा सहज उघडला जातो. झालं ना सव्वाशे ग्रॅम? त्यात न झाकता ठेवलेलं सार, धुऊन तशीच ओली ठेवलेली भाजी, दुपारचा अजून वाफाळणारा भात. हे सगळं पाणी बर्फ होऊन कॉइलवर जातं.

या बर्फाला घट्ट म्हणावं तर तो तसा नसतो. तो भुसभुशीत असतो, त्याच्या पोटात हवा अडकलेली असते, आणि अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हा भुरभुरीत बर्फ उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. कॉइलवर त्याचा थर बसला म्हणजे कॉइलने गोधडी पांघरली असं समजायचं. आत कॉइल उणे पंचवीस अंशांवर असेल, पण बाहेरच्या हवेला त्याचा पत्ता नाही. कॉम्प्रेसर मात्र अखंड चालू राहतो, मीटर पळत राहतो.

आताच्या दोनदारी फ्रिजमध्ये फ्रीझरच्या भिंती कोरड्या, स्वच्छ दिसतात. बर्फ तिथेही धरतोच. फक्त कॉइल मागच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलआड गेलेली असते, त्यामुळे तो दिसत नाही. तिथे एक पंखा असतो. तो कॉइलवरून हवा ओढतो, फ्रीझरमध्ये सोडतो आणि त्यातलीच थोडी हवा एका बोळकांडीतून खालच्या कप्प्यात पाठवतो. खालचा भाग गार होतो तो बहुतेक या उरलेल्या हवेवर. आणि आई जे काम बटण दाबून करायची, ते काम इथे चार जण मिळून करतात. टायमर ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर बंद करून हीटरला वीज देतो. हीटर कॉइलवरचा बर्फ वितळवतो. बायमेटल नावाचा छोटा थर्मोस्टॅट कॉइल पुरेशी गरम झाली की हीटर तोडतो. आणि चौथा थर्मल फ्यूज. बायमेटल चिकटून बसलं आणि हीटर तापतच राहिला, तर हा फ्यूज स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. वितळलेलं पाणी खालच्या पन्हळीतून, एका भोकातून, नळीतून मागे कॉम्प्रेसरच्या डोक्यावरच्या तबकात जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने तिथेच वाळून जातं. ही रचना मला अजूनही फार सुंदर वाटते. वाया जाणारी उष्णता तबक वाळवायला वापरायची, हे ज्याला सुचलं त्याला मी वर्गात दर वर्षी दाद देते.

या चौघांतला एक जरी निकामी झाला, तरी बर्फ वितळत नाही. आधी कॉइलला जोडलेल्या पातळ पत्र्याच्या पात्या बुजतात, मग हवेची वाट बुजते. खालच्या कप्प्याकडे जाणारी हवा आधी थांबते, म्हणून दूध आधी नासतं. वरचा फ्रीझर कॉइलला लागूनच असतो, त्यामुळे तो आणखी काही दिवस तग धरतो. मग पंख्याची पाती बर्फाला घासायला लागतात आणि रात्री करकर आवाज येतो. दार उघडलं की आवाज थांबतो, कारण दाराबरोबर पंखाही थांबतो. तुमच्या फ्रिजमध्ये ही लक्षणं याच क्रमाने आली असतील, तर निदान जवळजवळ झालंच म्हणा.

आमचा फ्रिज गेल्या श्रावणात याच वाटेने गेला. गणपती तोंडावर, फ्रीझरमध्ये उन्हाळ्यात भरून ठेवलेला हापूसचा रस आणि काजूगर, आणि खाली दही लागायच्या ऐवजी दूधच फाटायला लागलं. पहिल्यांदा जो माणूस आला त्याने पॅनेल उघडलं नाही. गॅस भरावा लागेल, असं म्हणून खर्चाचा आकडा सांगितला. मी त्याला नको म्हटलं आणि भाईंना फोन केला. भाई म्हणजे राजिवड्याच्या बाजूला राहणारे जुने मेकॅनिक. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे वयाने माझ्यापेक्षा कितीतरी मोठे असूनही ते मला 'मॅडम'च म्हणतात. ते फोनवरच म्हणाले, "मॅडम, काही वितळवू नका. बंद करून तसाच ठेवा, मी येतो. बर्फ बघायला पाहिजे."

बर्फ बघायला पाहिजे. भाईंची सगळी विद्या या तीन शब्दांत आहे असं मी मानते.

त्यांनी प्लग काढला, फ्रीझर रिकामा करून घेतला, स्क्रूंवरच्या छोट्या टोप्या काढल्या. पॅनेल हलेना, कारण मागून बर्फाने ते धरून ठेवलं होतं. भाईंनी जोर लावला नाही. पातेल्यात कढत पाणी मागवलं, फ्रीझरमध्ये ठेवलं, दार लावलं आणि चहा घेतला. थोड्या वेळाने पॅनेल स्वतःहून सुटलं. मागे कॉइल दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे सगळी पांढरी भिंत, सगळीकडे सारख्याच जाडीची, आणि पंख्याच्या बाजूला पात्यांनी घासून काढलेला गुळगुळीत गोल खड्डा.

"बघितलंत?" भाई म्हणाले. "सगळीकडे एकसारखा आहे. म्हणजे गॅस बरोब्बर आहे. गॅस कमी असला ना, तर जिथून गॅस आत येतो तेवढ्याच दोन-तीन वेढ्यांवर बर्फाचा गोळा धरतो आणि बाकीची कॉइल कोरडी राहते."

याचं कारण सरळ आहे. द्रवरूप गॅस कॉइलमध्ये शिरतो आणि उकळत उकळत पुढे जातो. उकळताना तो उष्णता शोषतो. पुरेसा असेल तर शेवटच्या वेढ्यापर्यंत उकळत राहतो आणि सगळी कॉइल सारखी गार होते. कमी असेल तर सुरुवातीलाच संपूर्ण वाफ होऊन जातो आणि पुढच्या वेढ्यांना गारवा मिळत नाही. म्हणून कॉइलवर बर्फ कसा पसरलाय, यावरून गॅसचा अंदाज घेता येतो. अट एकच: तो बर्फ वितळवण्याआधी बघायचा. म्हणूनच ज्यांना ज्यांना मेकॅनिक बोलवायचा असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो येण्याआधी घाईने फ्रिज साफ करून, पुसून ठेवू नका. पुरावा जातो.

पुढची तपासणी मी आणि भाईंनी मिळून केली. आमचा फ्रिज जुन्या पद्धतीचा, यांत्रिक टायमरचा. टायमर म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकची छोटी डबी. आत हळू फिरणारं चक्र आणि बाहेर स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच. प्लग काढलेला असतानाच ती खाच बाणाच्या दिशेने सावकाश फिरवायची. एका जागी 'टक्' असा स्पष्ट आवाज येतो, तिथे थांबायचं. आता प्लग लावला तर कॉम्प्रेसर गप्प राहायला हवा आणि हीटर चालू व्हायला हवा. ठणठणीत फ्रिजमध्ये काही मिनिटांत मागून 'चुर्र, चुर्र' असा आवाज येतो. वितळलेले थेंब गरम हीटरवर पडतात त्याचा. हा आवाज ऐकून घाबरून फोन करणाऱ्या मैत्रिणी मला आहेत. तो आवाज तब्येत चांगली असल्याची खूण आहे. आमच्याकडे तो आलाच नाही. टायमरने आपलं काम केलं होतं, कॉम्प्रेसर थांबला होता, पण हीटर थंडगार.

पुन्हा प्लग काढला. इथून पुढे मल्टिमीटर. हीटरची दोन टोकं सोडवून मोजली तर साडेतीनशे ओहमच्या आसपास रोध आला. २३० व्होल्टच्या वर्गाला ३५० ने भागलं की दीडशे वॅट येतात. म्हणजे हीटर शाबूत. तार तुटलेली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. मग बायमेटल. याच्या बाबतीत एक खुबी आहे. ते गार असतानाच जोडलेलं असतं आणि उबेत आपोआप तुटतं. टेबलावर काढून, खोलीच्या तापमानाला तपासलं तर चांगलं बायमेटलही तुटलेलंच दिसतं, आणि विनाकारण नवीन विकत आणलं जातं. आमचं अजून बर्फातच होतं, म्हणून तिथल्या तिथे मोजलं. मीटरने पीं केलं, म्हणजे ते जोडलेलं होतं. राहिला थर्मल फ्यूज. तो गरम असो की गार, कधीही जोडलेलाच दिसला पाहिजे. मीटर गप्प. परत लावून बघितला, परत गप्प. सापडला.

तेव्हा भाईंचा हाताखालचा पोरगा म्हणाला, "डायरेक्ट करून टाकू का?" म्हणजे फ्यूज काढून तिथे वायर जोडायची. भाई त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "स्वतःच्या घरात करशील?" पोरगा गप्प झाला आणि दुकानातून फ्यूज घेऊन आला. डायरेक्ट केलेला फ्रिज चालतो, छान चालतो, म्हणूनच ते धोक्याचं आहे. ज्या दिवशी बायमेटल चिकटेल त्या दिवशी हीटर तोडणारं कुणी उरलेलं नसतं, आणि त्याच्याभोवती सगळं प्लॅस्टिक आणि फोम असतो. शिवाय आता बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनच्या थराला पोचणारी हानी थांबवण्यासाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, त्यानंतर जुने क्लोरीनवाले गॅस मागे पडत गेले आणि हा आला. ओझोनला त्याचा त्रास नाही, हवामानालाही फारसा नाही, पण तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला आहे. पेट घेतो. कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर ज्वाळेचं चिन्ह असतं, ते एकदा डोळ्यांखालून घाला. हा गॅस फ्रिजमध्ये बहुधा शंभर ग्रॅमहून कमीच असतो आणि वजन करूनच भरावा लागतो. त्यामुळे गळती न शोधता 'थोडा टाकून बघतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. फ्यूज एकदा का जळला, तर तो का जळला हाही प्रश्न उरतोच. भाईंनी म्हणून बायमेटलही बदललं. ते तेव्हा चांगलं दिसत होतं, पण ऐन वेळी उघडलं नसण्याची शक्यता होती, आणि दोन्ही वस्तू मिळून गॅसच्या खर्चापुढे किरकोळ होत्या.

नवीन फ्यूज लागला म्हणजे काम संपलं असं वाटतं. तसं नसतं, आणि इथे बरीच घरं फसतात. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. दीडशे वॅटचा हीटर सगळी उष्णता फक्त बर्फाला देतो असं मानलं, तरी एका किलोला ३७ मिनिटं. टायमर हीटरला एका वेळी साधारण वीस-तीस मिनिटंच देतो. कॉइलवर दोन-तीन किलो बर्फ बसला असेल, तर ती पाळी संपेपर्यंत थोडाच वितळणार, आणि जो अर्धवट वितळेल तो कॉइलच्या पात्यांमध्ये पुन्हा गोठून आणखी घट्ट होणार. मग आठवड्याभरात तीच तक्रार, आणि 'दुरुस्ती फुकट गेली' असा समज. म्हणून सुटा भाग बदलला की एकदा सगळा बर्फ हाताने घालवावाच लागतो. दोन्ही दारं उघडी, खाली जुनी लुगडी आणि पंचे, समोर टेबलफॅन पूर्ण वेगाने, मध्ये मध्ये कढत पाण्याचं पातेलं. फॅन सगळ्यात चांगला, कारण खोलीतल्या हवेत उष्णता भरपूर असते, ती फक्त बर्फापर्यंत पोचवायची असते. घाई नसेल तर रात्रभर उघडा ठेवून सकाळी पुसून घ्यावा. पॅनेल काढायचं नसेल तर पूर्ण दिवस लागतो असं धरून चालावं, कारण आडच्या बर्फापर्यंत ऊब हळू पोचते.

सुरी लावायची नाही. हे मी वर्गातसुद्धा आवाज चढवून सांगते. आमच्या वाडीत एका घरी मुलांना कुल्फीचा डबा निघेना म्हणून सुरीच्या टोकाने बर्फ उकरला. एकदारी फ्रिज होता. त्यात फ्रीझरची भिंत हीच कॉइल असते, दोन पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे आणि त्यांच्यामधून गॅसची वाट. 'सूंऽऽ' असा आवाज आला आणि थांबला. त्या फ्रिजचा गॅस खरोखर गेला. ॲल्युमिनियमच्या त्या पत्र्याला टिकाऊ जोड देणं अवघड असतं, आणि त्या घराला नवीन फ्रिज घेण्याची ऐपत लगेच नव्हती. कुल्फीचा डबा काढायला कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पुरलं असतं.

कधी कधी टायमर, हीटर, बायमेटल, फ्यूज, सगळं ठणठणीत असतं आणि तरी फ्रीझरच्या तळाशी काचेसारखी बर्फाची लादी धरते, भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, फरशीवर ओघळ येतो. तेव्हा दोष त्या पाण्याच्या भोकाचा असतो. बर्फ वितळतो, पण पाण्याला जायला वाट नसते, म्हणून ते तिथेच पुन्हा गोठतं. त्या भोकात काय काय सापडतं ते बघण्यासारखं आहे: कढीपत्त्याची पानं, मटारचा दाणा, ओल्या खोबऱ्याचा कीस, एकदा तर पिशवी बांधायचा रबरबँड. औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज, सुई काढून, त्यात कोमट पाणी भरून भोकात हळू सोडायचं. मागच्या तबकात पाणी पडल्याचा आवाज आला की वाट मोकळी. आवाज आला नाही तर पुन्हा कोमट पाणी, किंवा मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी. तार घालायची नाही, नळीला भोक पडतं. आणि ते मागचं तबक एकदा धुऊन घ्या. वर्षानुवर्षं त्यात साचलेलं जे असतं, त्याचाच वास घरभर फ्रिजच्या नावाने फिरत असतो.

दाराच्या रबराबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकली पाहिजे. चारही बाजूंना, विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यात, करून बघायचं. सैल आली तर तिथून रात्रंदिवस ओली हवा आत जाते. साबणाच्या पाण्याने घड्या पुसायच्या, आत अडकलेले लोणच्याच्या तेलाचे डाग काढायचे, आणि वाकलेल्या जागी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं धरून रबर सरळ करायचं. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागतं. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले की दार आपलं आपण मिटतं.

नवीन इन्व्हर्टर फ्रिजमध्ये टायमरची डबी नसते. तिथे सेन्सर आणि पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, मिळून ठरवतात की डीफ्रॉस्ट कधी करायचं, किती वेळ करायचं. तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणी बसू नये, त्या बोर्डवर प्लग काढल्यावरही काही काळ विजेचा भार राहतो. पण म्हणून घरच्या माणसांनी बघायचं काहीच नाही असं नाही. बर्फ कसा आहे, पंखा फिरतो का, पाणी मागे जातं का, रबर पकडतं का, हे तिथेही बघता येतं. हे बघून ठेवलेल्या माणसाशी मेकॅनिक वेगळं बोलतो, हा माझा पक्का अनुभव आहे. "कूलिंग होत नाही" एवढंच सांगितलं तर तो हवं ते सांगू शकतो. "कॉइलवर सगळीकडे सारखा बर्फ आहे, टायमर बदलत नाही की हीटर लागत नाही ते बघा" असं सांगितलं, की सरळ कामाला लागतो. शिरवळला आणि रांजणगावला फ्रिज बनवणारे कारखाने आपल्याच राज्यात आहेत. ते बनवणारे हात मराठी घरांतलेच असतील. मग घरात आलेल्या फ्रिजचं मागचं पॅनेल आपल्याला परकं का वाटावं?

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. त्याहून गरम झालं तर त्याचा गुण कमी होत जातो, गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं, आणि दोन्हींपैकी काय झालंय ते कुपीकडे बघून नेहमी कळतंच असं नाही. दूध नासलं तर वास येतो. इन्सुलिन वास देत नाही. साखर का वाढतेय म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि खरं कारण फ्रीझरच्या पॅनेलमागे बसलेलं असू शकतं. म्हणून फ्रिजच्या मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात एक साधा थर्मामीटर रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचावा, असा माझा सगळ्यांकडे आग्रह असतो. पाण्यात ठेवायचा, कारण दार उघडलं की हवेचं तापमान क्षणात बदलतं, पाण्याचं बदलत नाही. पाच-सहा अंश आले तर निश्चिंत. आठच्या वर गेला तर औषधं आधी दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये हलवायची, बाकी सगळं मग.

काकांच्या सुनेने गेल्या महिन्यात तसं मोजलं तर अकरा निघाले. इन्सुलिन लगेच माझ्याकडे आलं. फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी होती आणि तिने मागच्या हवेच्या झरोक्याची वाट बुजवली होती. म्हणजे पाण्याचं भोक. फ्रिज बंद करून तिने सगळं वितळवलं, सिरिंज आणून स्वतःच भोक मोकळं केलं आणि तबकात पाणी पडल्याचा आवाज मला फोनवर ऐकवला. मग विचारलं, "मावशी, पण लादी पुन्हा धरू नये म्हणून आता काय बघू?"

"आधी दारात दहाची नोट लावून बघ," मी म्हटलं. "वरच्या कोपऱ्यात सैल येते का सांग."